चाळीसचा बल्ब

मूसाखेडीच्या वळणावर माझं फ्रिज दुरुस्तीचं दुकान.
कंप्रेसर गेलेला एक एकशे पासष्ट लिटरचा
न्यायला कुणी परत आलंच नाही.
शेवटी त्याचा धर्म बदलला मी:
जन्मभर गार केलंस, आता ऊब धर.

आत गीझरचा थर्मोस्टॅट, कॉम्प्युटरचा पंखा,
बर्फाच्या ट्रेमध्ये पाणी,
आणि चाळीसचा पिवळा बल्ब, जो हल्ली कुणी ठेवत नाही.
सियागंजात चौथ्या दुकानदारानं
वरच्या फळीवरची धूळ फुंकली,
"भिया, दो ही बचे हैं."
दोन्ही घेतले.

थावरिया डामोर गंगवाल स्टँडवर उतरला
झाबुआच्या बसमधून, मांडीवरचा तुसाचा डबा
चार तास हलू न देता.
कडकनाथची बारा. लोक अंड्यातही काळं शोधतात,
ही तर फिकट, दूध जास्त झालेल्या चहासारखी.
गिनीची सहा, टोकदार, कवच इतकं टणक
की नखानं वाजवलं तर कपबशी वाजावी.
बदकाची चार.
आणि हंसाचं एकच, महूच्या कुणा सुभेदाराकडचं,
तळहातात न मावणारं.

कोंबडी एकवीस, गिनी सत्तावीस,
बदक अठ्ठावीस, हंस तीस.
सगळ्यांनी एकाच सकाळी यावं
म्हणून हंसाला आधी बसवलं;
कोंबड्यांची अंडी नऊ दिवस माठाशेजारी थांबली.
एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोळा,
दिवसातून तीनदा डाव उलटायचा.
बदकीण तळ्यातून ओल्या पोटानं घरट्यावर येते,
म्हणून बदकांवर रोज फवारा,
कटिंगवाल्या विजूकडून आणलेल्या बाटलीनं.

सातव्या रात्री मोबाईलचा टॉर्च लावला.
आत लाल कोळी, पाय पसरलेला,
आणि मधोमध एक ठिपका, थांबून थांबून हलणारा.
तीन कोरी निघाली.
कोऱ्याचं काय वाईट वाटायचं!
तरी ती लगेच टाकली नाहीत.

ठरल्या सकाळी तडे गेले.
मदत करायची नाही, हे हाताला शिकवावं लागतं.
मी हात मांडीखाली घेऊन बसलो.
कडकनाथ दौतीतून काढल्यासारखे, चिकट;
दुपारपर्यंत फुलून हिंडू लागले.
गिन्या बाहेर पडताच पळाल्या, कुठे ते न ठरवता.
हंसाला संध्याकाळ झाली.
बदकं तीन.
चौथं अंडं गप्प.

दुसऱ्या रात्री बल्ब गेला.
एका गप्प अंड्यासाठी शेवटचा बल्ब?
मी थावरियाला फोन लावला.
तो जेवत होता. घास गिळून म्हणाला,
"मोठं आहे का बाकीच्यांपेक्षा? पिवळट?
अरे भिया, ते तळ्याचं बदक नाही, झाडावर बसणारं.
लाल तोंडाचं. त्याला पस्तीस लागतात.
सांगायचं राहिलं."

चुकलेले दिवस अंड्याचे नव्हते, माझ्या वहीचे.
मी दुसरा बल्ब लावला.

चौतिसाव्या दिवशी वरच्या धारकरबाई उतरल्या,
ज्यांच्या जिन्यात अंड्याचं टरफलही चालत नाही,
हातात विजेचं बिल:
"दुकानात असं काय चालू असतं हो रात्रंदिवस?"
मी फ्रिज उघडून दाखवला.
त्या बराच वेळ बोलल्या नाहीत.
मग पदरानं अंडं उचललं,
कानामागच्या यंत्राची चकती
शेवटपर्यंत फिरवली
आणि अंडं तिथे टेकवलं.

"पंखा बंद करा जरा."

बंद केला.

"कुणीतरी आत तक्रार करतंय," त्या म्हणाल्या.
आणि हात धुवायला साबण मागितला,
पण अंडं परत ठेवल्यावर.

बिल फ्रिजवरच राहिलं.
त्याच्या कोऱ्या बाजूवर मी लिहिलं: पस्तीस.
खाली तारीख, रिकामी सोडून.